नटसम्राट: नलीची बाजू

'नटसम्राट नाटकातली मुलं नुसती कृतघ्न' असं म्हणतात. हे मत मुलापुरतं, म्हणजे नंदापुरतं, मान्य. मुलीचं, नलीचं तसं नाही. तिचा बापावर जीव आहे, म्हणून तर तिच्या घरी बापावर आलेला चोरीचा आळ इतका मनाला लागतो. दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग पाहताना पुढच्या रांगेत सत्तरीचे काका आणि त्यांची लेक होती. त्या प्रसंगात काका खाली मान घालून चष्मा पुसत बसले, लेक मात्र रंगमंचावरून नजर हलवेना.

आणि तिचा बाप, म्हातारा नट अप्पासाहेब बेलवलकर, काय कमी हट्टी आहे का? सगळं मुलांना वाटून मोकळे, हातात दमडी नाही, वर रुबाब नटसम्राटाचा! नाटक 1970 चं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 तेव्हा नव्हतं. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलांच्या नावावर केलं आणि त्यांनी हात झटकले, तर आता न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. पण अट लेखी घातलेली बरी, नाहीतर ती सिद्ध करताना नाकी नऊ येतात. बेलवलकरांनी अट घातली असती असं वाटतं कुणाला? मला तरी नाही.