मदत हवी आहे: बुटाची टाच कमी केली, आता पोटरी धरते

मंडळी, जळगावात मेहरूण तलावाला रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर पळतो. वय ४३, वजन जरा जास्तच (भरीत-पुरीचे दिवस आहेत, काय लपवायचं). जुन्या बुटाचा ड्रॉप १० मिमी, म्हणजे टाचेखालचा सोल पंजाखालच्यापेक्षा तेवढा जाड. त्यात गुडघ्याची वाटी दुखायची. दुकानदार म्हणाला, कमी ड्रॉपचे घ्या, गुडघ्यावरचा भार हलका होतो. ४ मिमीचे घेतले. गुडघा खरंच शांत झाला, पण भार गेला कुठे? खाली! तिसऱ्याच दिवशी पोटऱ्या दगडासारख्या. आता सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेमागची जाड शीर अशी ताणते की न्हाणीपर्यंत लंगडतच जातो.

चूक माझीच, पहिल्या दिवसापासून नव्या बुटात पूर्ण अंतर पळालो. आता जुनेच परत काढून आठवड्यातून एकदोनदा नवे घालू, की मधला ८ मिमीचा जोड घेऊ? टाचेखाली जाड सुकतळा टाकून भागतं का? कोणी असा बदल केला असेल तर पाय सरावायला किती आठवडे लागले, तेही सांगा. 'कशाला पळता' हा सल्ला घरी फुकट मिळतो, तो नको.