अर्धांगवायू, व्यायाम आणि लक्ष
काही जण म्हणतात की शिकलेला माणूस अर्धांगवायूतून लवकर सावरतो. इतकं सरळ नाही ते. हात-पाय चालते करायचे म्हणजे हालचाल नव्याने शिकायची. त्याला लक्ष टिकावं लागतं, कालचं आज आठवावं लागतं. नुसती पदवी त्याला पुरत नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. आमच्या काकांच्या डाव्या हातात ताकद येत होती, पण ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहायची, व्हीलचेअरचा डावा ब्रेक लावायचा राहून जायचा. फिजिओने मग आधी मान वळवून डावीकडे बघायची सवय लावली. आणि हो, वाचा गेलेल्याला 'मोका' (MoCA) या स्मरण, लक्ष, भाषा वगैरे तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीत कमी गुण मिळाले, तर लगेच बुद्धी गेली म्हणू नका. त्यातलं बरंचसं बोलूनच सांगायचं असतं.