शब्दचर्चा : बंगालीतलं ‘मासिक नियमितकरण’ मराठीत कसं आणावं?

प्रश्न : बांगलादेशातल्या आरोग्यसेविकांवरचा एक बंगाली लेख मराठीत करते आहे. त्यात ‘मासिक नियमितकरण’ हा शब्द वारंवार येतो. तसाच ठेवला तर कुणाला कळणार नाही. सरळ ‘गर्भपात’ लिहू का?

उत्तर : कृपा करून लिहू नका. तिथे सगळा कायदा या दोन शब्दांमधल्या फटीत उभा आहे. बांगलादेशात १८६०ची दंडसंहिता अजून लागू आहे. तिच्या कलम ३१२ प्रमाणे बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडून बाकी गर्भपात गुन्हा ठरतो. हेच कलम आपल्याकडेही होतं, पण भारताने १९७१ साली वेगळा कायदा करून वाट काढली. तिथे कलम तसंच राहिलं आणि वाट निघाली ती शब्दातून. १९७९ साली ‘एमआर’ (मेन्स्ट्रुअल रेग्युलेशन, म्हणजेच हे ‘मासिक नियमितकरण’) सरकारी कुटुंबनियोजनात आलं. पाळी चुकली की, दिवस गेलेत का याची तपासणी न करता, हाताने चालवायच्या शोषक पंपाने गर्भाशय रिकामं करायचं, अशी मूळ कल्पना. गरोदरपण सिद्धच झालं नाही, तर ३१२ लावणार कशाला? आता गोळ्यांनीही करतात. शेवटच्या पाळीपासून आरोग्यसेविका १० आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टर १२ आठवड्यांपर्यंत एमआर करू शकतात. मुदत उलटली की त्याच बाईची तीच गरज ‘गर्भपात’ होते, आणि तिला परत पाठवतात. तुमच्या अनुवादात ही रेघ पुसली गेली तर त्या बाईचं दुखणंच वाचकाला कळणार नाही.

राहिला मराठी शब्द. बंगालीत नुसतं ‘मासिक’ म्हटलं तरी पाळी समजतात, आपल्याला दिवाळी अंक आठवतात. ‘पाळी नियमित करणे’ म्हटलं तर अनियमित पाळीचा उपचार वाटेल. मला ‘पाळी आणणे’ जवळचं वाटतं.

आणखी एक मत : ‘पाळी आणणे’ला माझा पाठिंबा. आमच्याकडे बायका ‘पिशवी साफ केली’ म्हणतात, पण ते आपोआप पडलं तरी म्हणतात आणि पाडलं तरी. ‘गर्भपात’चंही तेच आहे. ‘पाळी आणणे’त मात्र पोटात काही होतं की नव्हतं, हे बोललंच जात नाही. एमआरमध्येही नेमकं तेच आहे.

प्रश्नकर्ती : पटलं. पहिल्यांदा येईल तिथे कलम ३१२ समजावून सांगते आणि पुढे वाक्य असं ठेवते : ‘दोन महिने वाट पाहून तिने आरोग्यसेविकेकडून पाळी आणवून घेतली.’