मदत हवी आहे: टेक्सासमधलं घर विकतोय, बायको पुण्यात. सही ऑनलाइन नोटरीपुढे की कॉन्सुलेटमध्ये?

नमस्कार मंडळी,

डॅलसजवळ फ्रिस्कोतलं आमचं राहतं घर विकतोय. ऑफर स्वीकारली आहे, क्लोजिंग (व्यवहार पुरा होणं) पुढच्या महिन्यात. आईच्या आजारपणामुळे बायको पुण्यात आहे, इतक्यात परतणं जमणार नाही. डीडवर (मालकीच्या कागदावर) नाव माझं एकट्याचं, पण टेक्सासात होमस्टेड, म्हणजे राहतं घर, विकताना नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात.

टायटल कंपनी (घराची मालकी तपासून व्यवहार पुरा करणारी) म्हणते, बायकोने पुण्यातून व्हिडिओवर सही करावी. इथे जुलै २०१८ पासून ऑनलाइन नोटरी कायदेशीर आहे. नोटरी टेक्सासात हवा, सही करणारा कुठेही चालतो. आमचा एजंट जुन्या वळणाचा. तो म्हणतो, मुंबईला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये जाऊन समोरासमोर सही करा आणि मोकळे व्हा.

ऑनलाइनमध्ये माझी खरी अडचण ओळख पटवण्याची. पासपोर्ट स्कॅन होतोच, शिवाय क्रेडिट हिस्टरी वगैरे नोंदींवरून प्रश्न येतात: जुना पत्ता कोणता, गाडीचं कर्ज कुठलं. बहुतेक ठिकाणी पाच प्रश्न, दोन मिनिटं, चार बरोबर यायला हवेत. बायको एच-४ वर (माझ्यावर अवलंबून असलेला व्हिसा), एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, नुसता आयटिन (करापुरता नंबर). गाडी, कार्डं सगळी माझ्या नावावर. तिला विचारणार तरी काय? एसएसएन नसताना कुणी हे केलंय का?

प्रतिसाद:
एसएसएन नसेल तर ऑनलाइनवर विसंबून तारीख ठरवू नका. टायटल कंपनीला आजच ईमेल करा: भारतीय पासपोर्ट, एसएसएन नाही, व्यक्ती भारतात; ओळख कशी पटवणार, आणि तुमच्या अंडररायटरला, म्हणजे मालकी हक्काचा (टायटल) विमा देणाऱ्या कंपनीला, ते चालतं का? फोनवरच्या ‘हो, होईल’ला अर्थ नाही. कायद्यात बसतं म्हणून टायटल विमावाला मान्य करेलच असं नाही.

मी असते तर वहिनींकडून फक्त या विक्रीपुरती, तुमच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी घेतली असती, म्हणजे बाकीच्या कागदांवर त्यांच्या वतीने तुम्हीच सही कराल. बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये दर शिक्क्याला ५० डॉलर पडतात, मग सगळा गठ्ठा कशाला न्यायचा? मसुदा मात्र टायटल कंपनीकडूनच मंजूर करून घ्या. फ्रिस्को कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत (जिल्ह्यांत) पसरलंय, तेव्हा कागदावर आपली काउंटी बरोबर आहे ना ते बघा. वहिनींनी घरून सही करून जाऊ नये, ती अधिकाऱ्यासमोरच करायची. मूळ प्रत कुरिअरने मागवा, काउंटी क्लर्ककडे तिची नोंद करावी लागते.

धागाकर्ता:
खूप आभार. पुण्यातलाच नोटरी नाही का चालणार? मुंबईची खेप वाचेल.

प्रतिसाद:
चालतो, पण त्यावर अपोस्टील (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून सरकारी प्रमाणपत्र) लागतं. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. हातात महिनाच असेल तर मी त्या भानगडीत पडणार नाही. कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळतेय का ते आधी बघा, ईमेलच्या उत्तराची वाट बघत बसू नका.