वृत्तपत्रांतील साहसी चित्रमालिकांची कला नेमकी कशात होती?

पानपिवळे:
इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून वेताळ आणि मँड्रेक वाचत माझी पिढी मोठी झाली. ली फॉक यांच्या या दोन्ही मालिका मुळात अमेरिकी वृत्तपत्रांसाठी सुरू झालेल्या. मँड्रेक १९३४ मध्ये, वेताळ १९३६ मध्ये. त्याच काळातील हॅल फॉस्टर आणि मिल्टन कनिफ यांना जाणकार थोर चित्रकार मानतात. रोजच्या घाईत काढलेल्या आणि हलक्या कागदावर छापलेल्या चित्रांत कलेला वाव कितीसा असणार, हे मला समजून घ्यायचे आहे.

काळीशाई:
हलका कागद ही अडचण होती खरी, पण तिच्यातूनच एक शैली घडली. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि नाजूक रेषा बुजतात. 'स्कॉर्ची स्मिथ' काढणारे नोएल सिकल्स यांनी म्हणूनच बारीक रेषांचा सोस सोडला आणि कुंचल्याने सावल्यांचे सलग काळे भाग भरून प्रकाश, अंतर आणि हवामान सूचित केले. त्यांच्यासोबत एकाच स्टुडिओत काम करणारे कनिफ यांनी हे तंत्र 'टेरी अँड द पायरेट्स'मध्ये (१९३४) कथेच्या सेवेला लावले. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी रेव्हन शर्मन या लोकप्रिय पात्राचा मृत्यू दाखवला, तेव्हा वाचक खरोखर शोकाकुल झाले. रोजच्या तीन-चार चौकटींत कालचा धागा जोडून घेणे, कथा थोडी पुढे नेणे आणि उद्याची ओढ लावणे ही शिस्त मला कादंबरीलेखनाहून कठीण वाटते. पुढे 'कोर्तो माल्तेसे' या चित्रकथेचे निर्माते ह्युगो प्रॅट यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांवरही कनिफ यांचा ठसा उमटला.

रविवारपुरवणी:
वरील मत मान्य आहे, पण ते रोजच्या पट्टीपुरते. फॉस्टर यांचे खरे क्षेत्र रविवारचे रंगीत पान होते. 'प्रिन्स व्हॅलियंट' (१९३७) मध्ये त्यांनी संवादांचे फुगे वापरलेच नाहीत. मजकूर चौकटीत वेगळा बसवल्यामुळे किल्ले, अरण्ये आणि समुद्र यांना मोकळी जागा मिळाली. पूर्ण पानाचा तो विस्तार हाच त्या चित्रांचा प्राण होता. पुढे वृत्तपत्रांनी चित्रमालिकांची जागा कमी करत नेली, आणि माझ्या मते वाचकांची रुची बदलण्याइतकेच हेही साहसी मालिकांच्या ऱ्हासाचे कारण आहे, कारण विनोदी मालिका दोन बोटांच्या चौकटीतही तग धरते, वादळात सापडलेले जहाज मात्र तिथे मावत नाही.

पानपिवळे:
मग इंद्रजालमध्ये आम्ही जे पाहिले, ते मूळ रूप म्हणावे का?

काळीशाई:
कथा त्याच, पण मांडणी बदललेली. रोजच्या पट्ट्या पुस्तकाच्या पानावर बसवताना चौकटींची जुळणी नव्याने करावी लागे. वेताळाचा देशही तिथे डेंकाली झाला होता. शक्य असल्यास मूळ पट्ट्यांचे पुनर्मुद्रण मिळवून दिवसाला एकच पट्टी वाचावी.

रविवारपुरवणी:
वारशाबद्दल बोलताना हक्कांचा प्रश्नही विसरू नये. 'टेरी'ची मालकी ती वृत्तपत्रांना पुरवणाऱ्या वितरक संस्थेकडे असल्याने कनिफ यांनी ती ऐन भरात, १९४६ मध्ये सोडली आणि १९४७ मध्ये स्वतःच्या मालकीची 'स्टीव्ह कॅनियन' सुरू केली. आपल्या निर्मितीवर स्वतःचा हक्क मागणाऱ्या नंतरच्या चित्रकारांसमोर हे उदाहरण होते, आणि मी ते त्यांच्या कुंचल्याइतकेच मोलाचे मानतो.