सडा ‘पडीक’ म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत येऊन बघावं

सड्याखालचा
काल एकाने लिहिलं, ‘रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळ-पठारावर, आहे काय? काळा कातळ. सातबाऱ्यावर पोटखराबा. हॉटेल आणि दुकानं होतायत तर पर्यावरणाचा अहवाल कशाला मागता?’ रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. शेतसारा ठरवताना लावलेला शब्द आहे तो. खाली पाणी आहे की नाही हे तलाठी बघत नाही.

आमची वाडी सड्याच्या पायथ्याशी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ते पाणी जांभा दगडाच्या भोकांतून मुरतं, खालच्या शेडीवर, म्हणजे चिकण मातीवर, अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. आमचा झरा मे महिन्यातही चालू असतो. वर काँक्रीट आणि पार्किंग आलं की मुरायचं कुठून?

हॉटेलच्या पर्यावरण अहवालासाठी पाहणीला दोन मुलगे जानेवारीत आले. तासाभरात फोटो काढून गेले. अहवालात ‘वनस्पती विरळ’. जानेवारीत विरळच असणार! गेंद, सीतेची आसवं, दीपकाडी हे सगळं पावसात येतं आणि पावसाबरोबर जातं.

चाकरमानी_परळ
सातबाऱ्यावर आमची ३८ नावं आहेत. तीन पिढ्यांत त्या सड्याने एक रुपया दिला नाही, गुरं चरली एवढंच. आता भाव आला तर झरे आठवले? माझा पुतण्या रत्नागिरीत नोकरी मिळेना म्हणून वसईला दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. त्याला फुलं दाखवू का?

सड्याखालचा
पुतण्याला नोकरी मिळावी, माझं काही म्हणणं नाही. पण पाहणी पावसाळ्यात करा, एवढंच मागतोय.

नियमावर_बोट
नियमही पाठीशी नाहीत, दादा. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. त्याच्या वर गेलं तरी इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट. खाणींसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या अहवालातही पावसाळा सोडून एकाच ऋतूची आकडेवारी चालते. कोकणात पावसाळा सोडला तर सड्याचं मोजणार काय? तुमच्याकडे ही मर्यादा चुकवायला जमिनीचा एकच गट दोन टप्प्यांत दाखवला असेल, तर ते आधी तपासा.

हापूसवाला
आता मी बोलतो. झऱ्यांचं रडगाणं गाणाऱ्यांच्या स्वतःच्या बागा कुठे आहेत? सड्यावरच! सुरुंग लावून खड्डे पाडले, ट्रकने माती आणून भरली, कलमं लावली. तेव्हा कुणी पाहणी केली? बाहेरचा आला की पर्यावरण, आपला असला की बागायत.

सड्याखालचा
माझी बाग सड्यावर नाही.

हापूसवाला
तुझ्या मामाची आहे. मीच खड्डे मारून दिलेत.

चिरेखाणीने_पोळलेली
बागांचं काय घेऊन बसलात? जांभ्याचे चिरे काढतात त्या चिरेखाणी बघा. आमच्या घरामागे चाळीस फूट खोल खाण सोडून दिली. पावसात ती तुडुंब भरते, शेजारच्यांचं वासरू बुडालं त्यात. आमची विहीर, जी सासूबाईंच्या आठवणीत कधी आटली नव्हती, ती आता मार्चमध्ये तळ दाखवते. दोन वर्षं टँकरच्या रांगेत उभी आहे मी. हॉटेलवाला निदान झाडं तरी लावेल, खाणवाला खड्डा ठेवून जातो.

हापूसवाला
ताई, चिऱ्याशिवाय घर बांधा बघू.

चिरेखाणीने_पोळलेली
मी खाण बंद करा म्हटलंच नाही. भरून द्या म्हटलं. नीट वाचा आणि मग बोला.

कातळशिल्पवेडा
एक गोष्ट कुणीच काढली नाही. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, सगळी कातळशिल्पं सड्यावरच. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. गवत आणि मातीखाली झाकलेली अजून किती असतील? जेसीबी फिरण्याआधी कातळ पायी चालून बघायला हवा, गावातल्या गुराख्याला सोबत घेऊन. त्यालाच ठाऊक असतं.

चाकरमानी_परळ
झालं! आता विकायलाही युनेस्कोची परवानगी घ्यायची? पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल आला तेव्हाही आमच्या ग्रामसभेत तो कुणी वाचून दाखवला नाही. नुसती भीती घातली, दोन्ही बाजूंनी. म्हणून माझा कुणाच्याच अहवालावर विश्वास नाही.

सड्याखालचा
हे मात्र खरं बोललात काका. आम्हीही तेव्हा न वाचताच ओरडलो.

मामाच्या बागेचं म्हणाल, तर हो, सुरुंग लावलेत. तिथे खालचा पऱ्या, म्हणजे ओहोळ, लवकर आटतो, हे मी घरात कधी बोललो नाही. पण एक चूक झाली म्हणून दुसरी करायची का?

हापूसवाला
बागेत पाणी थोडं तरी मुरतं, काँक्रीटमध्ये नाही, एवढं मान्य. यापुढे एक शब्द नाही.

सड्याखालचा
पुढच्या जूनपासून दर पंधरा दिवसांनी झऱ्यावर दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवणार. त्याच्या पुढच्या मेपर्यंत. ती वही ग्रामसभेत ठेवतो. मामाच्या पऱ्याचीही.

चिरेखाणीने_पोळलेली
माझ्या विहिरीची दोरी पण मोजा. मी लिहून देते.