पठारावर जीपगाड्या घालणाऱ्यांवर कोणत्या कायद्याने कारवाई होते? मदत हवी आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावावरच्या पठाराचा निम्मा भाग राखीव वन असून उरलेला सातबाऱ्यावर गायरान म्हणून नोंदलेला आहे. गेल्या रविवारी सात-आठ फोर-बाय-फोर गाड्यांनी कातळावरचा जेमतेम वीतभर मातीचा थर उचकटला. चाकोऱ्यांत लाल पाणी साठले असून कडेला सीतेची आसवं ही रानफुले उपटून उलटी पडली आहेत.

अभयारण्य असते तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ५१ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड (२०२२ च्या दुरुस्तीपूर्वी २५ हजार) होऊ शकला असता, पण आमचे पठार अभयारण्यात येत नाही. राखीव भागाला भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ लागू असून त्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे, त्यामुळे तेथे फारशी अडचण दिसत नाही. खरा पेच गायरानाचा आहे. सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक अधिनियम, १९८४ च्या कलम ३ मध्ये ५ वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु गवत आणि माती यांच्या नुकसानीसाठी ते कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? फिर्याद ग्रामपंचायतीने द्यावी की तलाठ्याने? क्रमांकपट्ट्या दिसणारी छायाचित्रे आमच्याकडे आहेत. पंचनामा कोणाकडून करून घ्यावा, हे कृपया अनुभवी सदस्यांनी सांगावे, कारण दोन जोराचे पाऊस झाले की चाकोऱ्या बुजतील.